रखमाबाईंचे घर

डॉ. रखमाबाईंची हकीकत त्यांच्या आईपासून सांगायला हवी. जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. पती जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा पदरात दोन-अडीच वर्षांची रखमा होती. तिचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. त्या काळी ब्राह्मण घरातल्या तरुण विधवेचे पुढचे आयुष्य ठरलेले असे: केशवपन, आलवण आणि माजघराचा कोपरा. १८६९ मध्ये मुंबईत एका ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह झाला, तेव्हा त्याचा वाद बहिष्कारापर्यंत गेला होता. जयंतीबाई मात्र सुतार समाजातल्या. त्या समाजात विधवेने पुन्हा संसार मांडण्याची चाल होती. पती वारल्यानंतर सुमारे सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. तेही विधुर होते. हे दुसरे लग्न करताना जयंतीबाईंनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता लेकीच्या नावे करून दिली. आईची ही कृती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढची कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत, पुस्तिकांत आणि नातेवाइकांच्या तोंडी याच मालमत्तेचा विषय निघत राहिला.

सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. मराठीत त्यांनी वैद्यकावर पुस्तके लिहिली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी माणसे होती: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. अशा घरात रखमा वाढली. घरात पुस्तके होती, सुधारकांची ये-जा होती आणि शरीराबद्दल शास्त्राच्या आधाराने बोलणारा बाप होता.

तरीही याच घराने तिचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले.

अकराव्या वर्षीचे लग्न

नवरा मुलगा दादाजी भिकाजी, वय १९, सखाराम अर्जुनांच्या नात्यातला. मुलगा गरीब होता. म्हणून असे ठरले की त्याने सासरी राहायचे, त्याचा सगळा खर्च सासरने करायचा आणि त्याने शिकून शहाणे व्हायचे. रखमाचे शाळेत जाणे लग्नाबरोबर संपले.

काही महिन्यांतच रखमा वयात आली. गर्भाधानाचा विधी उरकून घ्यावा, असा आग्रह सुरू झाला. सखाराम अर्जुनांनी त्याला ठाम नकार दिला. इतक्या कोवळ्या वयात मुलीने संसार करू नये, हे ते डॉक्टर म्हणून जाणत होते. लग्न लावताना त्यांनी रूढीपुढे मान तुकवली होती, पण मुलीच्या शरीराचा प्रश्न आला तेव्हा ते रूढीच्या विरोधात उभे राहिले. या घराची थोरवी इथून सुरू होते. आपण केलेली चूक मुलीच्या माथी कायमची मारायची नाही, एवढी समज त्या घरात होती.

दादाजींना मात्र हे सारे जाचक वाटू लागले. विशीतल्या तरुणाला सहावीच्या वर्गात बसवले जात होते. त्यांनी शिक्षण सोडले, आणि आई वारल्यानंतर ते मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहायला गेले. सखाराम अर्जुनांनी केलेली मनधरणी फुकट गेली. दादाजींचे कर्ज वाढत गेले, प्रकृती ढासळली.

इकडे रखमाबाई घरी बसून शिकत होत्या. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके येत. जयंतीबाई आणि रखमाबाई प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना बरोबर जात. तरुण वयात वैधव्य भोगलेली आई आणि मनाविरुद्ध लग्नात अडकलेली मुलगी, दोघी एकाच वेळी नवे विचार ऐकत होत्या. पुढे कोर्टात जो नकार गाजला, तो या घरात काही वर्षे आधीपासून तयार होत होता.

नोटीस आणि पहिला निकाल

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलांची नोटीस आली: बायकोने नांदायला यावे. रखमाबाईंनी वकिलांमार्फत नकार कळवला. मग दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. वैवाहिक हक्क पुन्हा प्रस्थापित करून मिळावेत, ही मागणी. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या.

त्यांच्या बाजूने कोर्टात तीन गोष्टी मांडल्या गेल्या. नवऱ्याला स्वतःचे आणि बायकोचे पोट भरता येत नाही. त्याला दम्याचा त्रास आहे आणि क्षयाची लक्षणे आहेत. तो ज्याच्या आश्रयाने राहतो त्या माणसाचे चारित्र्य असे नाही की तिथे एका तरुण स्त्रीने राहावे. या तिन्हींच्या मुळाशी खरा मुद्दा होता तो असा: समज नसलेल्या वयात, आपल्याला न विचारता लावलेले लग्न आपल्यावर बंधनकारक का असावे?

दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. घराचा मोठा आधार गेला. अशा वेळी पुष्कळ घरे तडजोड करून मोकळी होतात. जयंतीबाई दुसऱ्यांदा विधवा झाल्या होत्या, पण त्या आणि त्यांचे वडील हरिश्चंद्र यादवजी रखमाबाईंच्या पाठीशी तसेच उभे राहिले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. हे दोघे एकत्र कधी नांदलेच नाहीत, तेव्हा हक्क 'पुन्हा' प्रस्थापित करण्याचा प्रश्नच येत नाही. दाव्याचा हा प्रकार इंग्लंडमधल्या धर्मन्यायालयांतून आलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. तिकडेही तो जाणत्या वयात, संमतीने लग्न केलेल्यांसाठी आहे. मनाविरुद्ध एखाद्या तरुणीला पुरुषाच्या हवाली करणे हे क्रौर्य आहे, असे त्यांनी निकालपत्रात कठोर शब्दांत नोंदवले.

'एक हिंदू स्त्री'

त्याच सुमारास 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने दोन पत्रे छापून आली होती. पहिले २६ जून १८८५ चे, बालविवाहावर. दुसरे १९ सप्टेंबरचे, लादलेल्या वैधव्यावर. म्हणजे निकालाच्या अवघे दोन दिवस आधी. लिहिणारी स्त्री म्हणजे रखमाबाईच, हे पुढे उघड झाले. बालविवाहाने मुलीचे शिक्षण तुटते, मन आणि शरीर दोन्ही खचतात, आणि हाच घाव मुलापेक्षा मुलीवर कितीतरी खोल बसतो, हे त्यांनी स्वानुभवातून मांडले होते. सुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची आपली टिपणे वर्षभरापूर्वीच प्रसिद्ध केली होती. त्यांवर देशभर पुरुषांचा वाद चालू होता. या पत्रांमुळे त्या वादात जिच्यावर हे गुदरले होते तिचा स्वतःचा आवाज आला.

निकालाने मराठी समाज दुभंगला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त आणि 'मराठा'त रखमाबाईंच्या भूमिकेवर टीका केली. विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या 'नेटिव्ह ओपिनियन'नेही दादाजींची बाजू घेतली. इंग्रजी शिक्षणाने बायका बिघडतात, हिंदूंच्या घरगुती व्यवहारात सरकारी न्यायाधीशाने हात घालू नये, मुलीने नकार दिला की विवाहसंस्थाच कोसळेल, असा सूर लागला. दुसऱ्या बाजूला मलबारी होते आणि कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पिची होत्या. ऑक्सफर्डहून मॅक्सम्युलर यांनीही रखमाबाईंच्या बाजूने लेखणी उचलली.

टीकाकारांनी घरालाही सोडले नाही. दादाजींनी १८८७ मध्ये आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली. मुलीची मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून आई आणि आजोबा तिला अडवून धरतात, असा त्यांचा आरोप होता. रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून त्याला जाहीर उत्तर दिले. मुलीच्या नकाराला तिचे स्वतःचे मन कारण असू शकते, हे लोकांना पटत नव्हते. तिच्यामागे कोणीतरी स्वार्थी माणूस असलाच पाहिजे, असे धरून चालण्याची सवय त्या काळीही होती.

तुरुंग की सासर

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निर्णय फिरवला. हिंदू विवाह संमतीविनाही पूर्ण होतो आणि असा दावा ऐकता येतो, असे ठरवून त्यांनी प्रकरण पुन्हा खालच्या न्यायपीठाकडे पाठवले.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

या निकालाच्या आधी सहाच दिवस, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली मराठी स्त्री बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच गेली, आणि आठवड्याभरात दुसऱ्या एका मराठी स्त्रीला सासर किंवा तुरुंग यांतले एक निवडायला कोर्टाने सांगितले. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'मध्ये, त्यांनी रखमाबाईंची हकीकत अमेरिकेतल्या वाचकांपुढे ठेवली.

इथे इंग्लंडमधली एक गोष्ट सांगणे भाग आहे. असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात धाडण्याची शिक्षा तिथल्या पार्लमेंटने १८८४ च्या कायद्याने काढून टाकली होती. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत दादाजींचा दावा दाखल झाला. राज्यकर्त्यांनी आपल्या स्त्रियांसाठी जे जाचक म्हणून टाकून दिले, ते हिंदुस्थानातल्या दिवाणी कायद्यात कायम राहिले. ही शिक्षा आपल्याकडे १९२३ मध्ये रद्द झाली.

रखमाबाई प्रत्यक्ष तुरुंगात गेल्या नाहीत. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला, आणि पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. पैसे देऊन सुटका झाली म्हणून हा विजय उणा ठरत नाही. जयंतीबाईंनी लेकीच्या नावे जी मालमत्ता केली होती, तिच्यामुळे रखमाबाई कोणाच्या मिंध्या नव्हत्या. चार वर्षांच्या कोर्टकचेरीत एका तरुणीला पाय रोवून उभे राहता आले, त्यात या आर्थिक आधाराचा वाटा होता. हातात काहीच नसलेल्या हजारो मुलींच्या मनातला असाच नकार कोर्टाच्या पायरीपर्यंत पोहोचूही शकला नसेल.

खटला संपला, पण चर्चा थांबली नाही. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावली आणि देश हादरला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा झाले. आज वाचताना ही वाढ क्षुल्लक वाटते. पण त्यासाठी पुण्या-मुंबईत जे रान उठले, त्यावरून रखमाबाई कोणत्या समाजापुढे उभ्या राहिल्या होत्या याची कल्पना येते.

डॉक्टर रखमाबाई

एडिथ पिची स्वतः लढून डॉक्टर झाल्या होत्या. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाचे दार ठोठावणाऱ्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिले आणि खर्चाची तजवीज करायला मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे इव्हा आणि वॉल्टर मॅक्लॅरन या दांपत्याने त्यांना आधार दिला. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये आणि रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. अकराव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीने तिशीत हा पल्ला गाठला.

परत आल्यावर त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. पुढे १९१८ च्या सुमारास राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात गेल्या. दोन्ही मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायला तयार नसत. अडलेल्या बाळंतिणी घरातच जीव सोडत. या बायकांसाठी रखमाबाईंनी उभे आयुष्य घातले. सावत्र वडिलांनी ज्या शास्त्राच्या बळावर त्यांना कोवळ्या वयातल्या मातृत्वापासून वाचवले, तेच शास्त्र हाती घेऊन त्या दुसऱ्यांच्या लेकींना वाचवत राहिल्या. भारतात प्रत्यक्ष वैद्यकी केलेल्या पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

१९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. काहींना हे कोड्यात टाकते. मला ते त्यांच्या स्वभावाला धरून वाटते. कोणासोबत राहायचे हे ठरवण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. आपल्या समाजाशी आणि त्याच्या रीतींशी असलेले नाते तोडण्याची त्यांची इच्छा नव्हती. १९२९ मध्ये, पासष्टीच्या घरात असताना, त्यांनी पडदापद्धती बंद करण्याची गरज सांगणारा लेख लिहिला. निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी वारल्या.

त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. मात्र त्याच कायद्याच्या कलम ९ ने वैवाहिक हक्क पुन्हा प्रस्थापित करण्याचा दावाही कायम ठेवला. इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये मोडीत काढला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले.

घाटनांदूरच्या लेकींसाठी

रखमाबाईंचा खटला मुंबईत चालू होता तेव्हा आमचे घाटनांदूर आणि सारा अंबाजोगाईचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. मुंबई हायकोर्टाचा निकाल इथे चालत नव्हता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातले सुधारणेचे कायदेही आपोआप लागू होत नव्हते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, त्यानंतर देशाचे कायदे इथे लागू झाले. कायदा आला, पण रूढी जागची हलली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. संपूर्ण महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के आहे. म्हणजे आमचा जिल्हा राज्याच्या दुप्पट.

याचे कारण आमच्याकडे घराघरांत ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, ही आईबापाची काळजी खरी असते. मुलाचे लग्न झाले की एक कोयता वाढतो, हा हिशेबही खरा असतो. दादाजींच्या खटल्यात मालमत्ता होती, इथे उचल आहे. दोन्हीकडे मुलीचे मन कोणी विचारात घेत नाही.

रखमाबाईंनी कोर्टाकडे जे मागितले आणि जे त्यांना मिळाले नाही, ते आज कायद्यात लिहिलेले आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम ३ नुसार अठराच्या आत लग्न लावलेल्या मुलीला ते लग्न रद्द करून घेता येते. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत, तिला जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. निर्वाहखर्च मागण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. गावातला ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. १०९८ या क्रमांकावर कोणीही, कधीही, फुकट फोन करू शकतो.

पण अर्ज करायला मुलीला घर लागते. रखमाबाईंना जयंतीबाईंसारखी आई मिळाली, चूक झाल्यावर तिथेच थांबून मुलीची ढाल झालेले सखाराम अर्जुन मिळाले, म्हातारपणी बदनामी सोसणारे आजोबा मिळाले. म्हणून घाटनांदूरच्या आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या आईबापांना हात जोडून एवढेच सांगणे आहे: मुलीला अठरापर्यंत शिकू द्या, निदान तिचे लग्न ठरवण्याआधी तिला विचारा. आणि लग्न लावून बसला असाल, मुलगी रडत परत आली असेल, तर तिला माघारी धाडू नका. दार उघडा आणि तिच्या बाजूने उभे राहा.